शेर: गायिका मोठी की अभिनेत्री? (आणि आमच्या मंडळात कुठला सिनेमा लावू?)

रामबागकर
नमस्कार मंडळी. आमच्या गल्लीत महिन्यातून एका रविवारी कुणाच्या तरी घरी सिनेमा लागतो. प्रोजेक्टर भाच्याचा, चादर ज्याच्या घरी कार्यक्रम त्याची, पोहे सगळ्यांचे. बघणारे बहुतेक निवृत्त. यावेळी पाळी माझी आहे आणि मी अमेरिकन गायिका-अभिनेत्री शेर (Cher) हिचा सिनेमा लावणार असं सांगून बसलोय. तेव्हापासून जो भेटतो तो विचारतो, "ती गाणारी बाई ना? ती सिनेमात कधी आली?"

माझं म्हणणं असं आहे. १९६५ साली सनी बोनोबरोबर गायलेलं 'आय गॉट यू बेब' अमेरिकेत आणि इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर गेलं तेव्हा ही मुलगी १९ वर्षांची होती. पुढे टीव्ही, लास व्हेगस, पिसांचे आणि मण्यांचे कपडे, घटस्फोट, मासिकांची मुखपृष्ठं. आणि मग चाळिशी जवळ आल्यावर 'सिल्कवुड' (१९८३), 'मास्क' (१९८५) आणि 'मूनस्ट्रक' (१९८७). पहिल्याला ऑस्करचं नामांकन आणि गोल्डन ग्लोब, दुसऱ्याला फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्री (अर्जेंटिनाच्या नॉर्मा अलेआंद्रोबरोबर विभागून), तिसऱ्याला थेट ऑस्कर. यातल्या एकाही सिनेमात तिला गायिका म्हणून घेतलेलं नाही. गाणं आणि पिसं बाजूला ठेवली तेव्हा ती नटी झाली, आणि नटी म्हणून ती जास्त मोठी आहे.

पटतंय का? आणि तिन्हीतला कुठला लावू? सबटायटल चालतील, पण वाचता वाचता डुलकी लागणारे प्रेक्षक आहेत हे ध्यानात ठेवून सांगा.

पोहे_जलेबी
शीर्षक वाचून शेअर बाजाराचा धागा समजून धावत आलो. माझे पैसे अडकलेत हो.

अवंतिका_एक्सप्रेस
पाळी तुमची आणि पोहे सगळ्यांचे? काका, इंदुरात राहता ना? सिनेमा कुठलाही लावा, यजमानाने पोहे केले नाहीत तर पुढच्या महिन्यात मंडळ बंद.

मंद्रसप्तक
रामबागकर काका, अर्धंच पटलं.

मी गाणं शिकवते, म्हणून आधी आवाजाबद्दल. शेरचा गळा बायकांच्या मानाने फार खालचा. १९६४ साली तिचं पहिलं गाणं 'बॉनी जो मेसन' अशा भलत्याच नावाने निघालं, बीटल्सच्या रिंगोवरचं. रेडिओवाल्यांना तो पुरुषाचा आवाज वाटला आणि गाणं वाजलंच नाही, असा किस्सा सांगतात. माझ्याकडे एक मुलगी येते. तिचा गळा मुळातला काळी दोनचा, म्हणजे खालच्या पट्टीचा. आई दर आठवड्याला विचारते, "काळी चारला कधी आणणार?" उस्ताद अमीर खाँसाहेबांच्या गावात बसून मंद्राची बाजू मांडावी लागते, काय सांगायचं.

आता मुद्दा. 'मूनस्ट्रक'मध्ये ती बोलते तो आवाज नीट ऐका. वाक्य खाली आणून सोडते, ताणत नाही, ओरडायच्या जागीसुद्धा वर जात नाही. निकोलस केज आपल्या प्रेमाची कबुली देतो, ती त्याच्या दोन थोबाडीत देते आणि भानावर ये म्हणून खडसावते. ते वाक्य तिने तार सप्तकात टाकलं असतं तर भांडण झालं असतं. खालच्या स्वरात आल्यामुळे ते विनोदी होतं. हा हिशोब गाणाऱ्या बाईचाच आहे. गाणं बाजूला ठेवलं म्हणता, पण गळा कुठे ठेवला?

नाट्यवेडा_६८
मला या चर्चेत गंमत वाटते ती वेगळीच. गाणारी बाई अभिनय करते याचं अमेरिकेला एवढं अप्रूप! आपल्याकडे न गाणारी नटी हीच एकेकाळी बातमी होती. ज्योत्स्नाबाई भोळे १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा'त उभ्या राहिल्या. त्या नाटकात गाणी मोजकी, बोलणं घरातल्यासारखं. पुढे १९४२ ला 'कुलवधू'. त्यांना कुणी विचारलं नाही की बाई तुम्ही गायिका की नटी.

आणि आपल्या इंदूरची मुलगी विसरलात का? लताबाईंचा जन्म इथला, १९२९ चा. वडील १९४२ ला गेले आणि घर चालवायला तेराव्या वर्षी मास्टर विनायकांच्या कंपनीत तोंडाला रंग लावावा लागला. 'पहिली मंगळागौर'मध्ये त्या दिसतात. अभिनय त्यांना कधी रुचला नाही, सुटका होताच सोडला. म्हणजे उलटा प्रवास.

इथल्या सानंद संस्थेच्या नाटकांच्या प्रयोगांना येणारे जुने लोक अजून तक्रार करतात की हल्लीच्या नाटकात पदं नाहीत. त्यांना शेर दाखवा म्हणजे कळेल.

खंडवा_कनेक्शन
इंदूरचा धागा आणि अजून किशोरदांचं नाव नाही? ख्रिश्चन कॉलेजात शिकलेला माणूस. अभिनय करून गाण्यात मोठा झाला. बस, झालं माझं काम.

पोहे_जलेबी
भिया, तुम्ही प्लंबिंगच्या धाग्यावरपण किशोरदा आणले होते.

खंडवा_कनेक्शन
तिथे संदर्भ होता.

उलटतपासणी
सगळे कौतुक करतायत म्हणून कुणीतरी दुसरी बाजू मांडायला हवी.

एक, तिला रॉक गायिका म्हणतात, पण ती तशी नाही. साठच्या दशकात नवरा सनीबरोबर गोड गाणी, सत्तरीत गोष्टी सांगणारी पॉप गाणी, १९७९ ला डिस्को, पुढे क्लबात नाचायची गाणी. जो वारा तिकडे पाठ.

दोन, अभिनेत्री म्हणून तिला जी दारं उघडली ती प्रसिद्धीमुळे. ब्रॉडवेवर पहिल्याच नाटकात रॉबर्ट ऑल्टमनसारखा दिग्दर्शक कुठल्या नवख्या मुलीला मिळतो? १९८२ ची गोष्ट. ते नाटक बघून दिग्दर्शक माइक निकोल्सने 'सिल्कवुड' दिला. आपल्याकडे रवींद्र नाट्यगृहात आयुष्य घालवलेल्या किती नट्यांना असं कुणी आत येऊन भेटलं?

तीन, १९७३ चं 'हाफ-ब्रीड' गाणं आठवा. बाप आर्मेनियन वंशाचा, आणि ही डोक्यावर पिसांचा मुकुट घालून अमेरिकेतल्या आदिवासी बाईचं दुःख गात होती. आज कुणी केलं तर चालेल का?

टेपरेकॉर्डर
@उलटतपासणी, पहिल्या मुद्द्यापुरतं. १९८० ला तिने 'ब्लॅक रोज' नावाचा रॉक बँड काढला होता. गिटार, घाम, छोटे क्लब. अल्बमच्या मुखपृष्ठावर स्वतःचं नाव मोठं लावलं नाही. आपटला. १९८७ च्या अल्बमवर जॉन बॉन जोव्ही आणि रिची सँबोरा निर्माते होते, आणि १९८९ च्या 'इफ आय कुड टर्न बॅक टाइम'चा व्हिडिओ मिसुरी युद्धनौकेवर खलाशांच्या गराड्यात काढलेला. तिच्या कपड्यांमुळे एमटीव्हीने तो रात्री ९ नंतरच दाखवायचं ठरवलं. आता याला भजन म्हणायचं असेल तर म्हणा.

शिवाय २०२४ ला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने तिला घेतलं. त्याच्या आदल्याच वर्षी ती टीव्हीवर म्हणाली होती की दहा लाख डॉलर दिले तरी मी तिथे जाणार नाही. मग गेली. बाईमाणूस मोठं झकास आहे.

हिशोबनीस
नमस्कार. मी सहसा कर आणि विम्याच्या धाग्यांवर असतो. पण शेरच्या कारकिर्दीतला एक कागद आमच्या धंद्यात शिकवायला हवा.

१९७१ ते ७४ सनी आणि शेरचा टीव्हीवरचा विनोदी कार्यक्रम अमेरिकेत घरोघरी चालला. लोक तिला बघायला बसत. करार तपासले तेव्हा तिला कळलं की तिच्याच नावाच्या कंपनीत ९५ टक्के हिस्सा नवऱ्याचा आणि ५ टक्के त्याच्या वकिलाचा. तिचा वाटा शून्य. ती त्या कंपनीची नोकर. दुसऱ्या कुणासाठी गायचं तरी परवानगी लागणार. १९७४ ला घटस्फोटाच्या अर्जात तिने कारण दिलं ते 'वेठबिगारी'.

माझ्याकडे येणाऱ्या किती तरी घरांत दुकान बाईच्या नावावर असतं आणि तिला सहीपलीकडे काही माहीत नसतं. तिथे निदान कर वाचवायचा हेतू असतो. इथे तोही नव्हता.

तेव्हा उलटतपासणी, 'प्रसिद्धीमुळे दारं उघडली' हे ठीक. पण त्या प्रसिद्धीचे पैसे बराच काळ दुसऱ्याच्या खात्यात गेले, हेही नोंदवून ठेवा.

सराफा_रात्री
आणि तोच सनी पुढे पाम स्प्रिंग्सचा महापौर झाला, मग खासदार. जानेवारी १९९८ मध्ये स्कीइंग करताना झाडावर आदळून गेला. त्याच्या अंत्यविधीला शेर बोलायला उभी राहिली आणि रडत रडत त्याच्याबद्दल चांगलंच बोलली. मला तो प्रसंग हिशोबनीसांच्या ९५ टक्क्यांच्या शेजारी ठेवून बघावासा वाटतो. माणसं अशी सरळ बेरजेत येत नाहीत.

असो, मी बुटिक चालवते, म्हणून पिसांबद्दल बोलणार. रामबागकर काका म्हणतात पिसं बाजूला ठेवली. कुठे ठेवली? 'मास्क'साठी ऑस्करचं नामांकन मिळेल असं सगळ्यांना वाटत होतं, मिळालं नाही. मग १९८६ च्या सोहळ्यात ती पुरस्कार द्यायला आली तेव्हा बॉब मॅकीने शिवलेला काळा पोशाख, पोट उघडं, डोक्यावर कोंबड्याच्या काळ्या पिसांचा हातभर उंच मुकुट. माइकवर येऊन म्हणाली, गंभीर अभिनेत्रीने कसे कपडे घालावेत याची पुस्तिका मला मिळालीय, दिसतंच आहे तुम्हाला. सगळं सभागृह हसलं. शेजारी बक्षीस घेणारे डॉन अमीची होते, दुसऱ्या दिवशीच्या फोटोंत ते बिचारे कोपऱ्यात.

हा पोशाख मी फोटो मोठा करकरून बघितलाय. तेवढी पिसं डोक्यावर तोलायची तर आत टोपीसारखा घट्ट सांगाडा लागतो, मान हलवायची सोय नाही. तशा अवस्थेत विनोदाचं वाक्य नेमक्या जागी टाकलं. माझ्या मते ऑस्कर तिथेच ठरलं, मिळालं दोन वर्षांनी.

उलटतपासणी
ऑस्कर कपड्यांना मिळत नाही.

सराफा_रात्री
कपड्यांनासुद्धा मिळतं दादा, वेगळा विभाग आहे.

अवंतिका_एक्सप्रेस
😂 गेली विकेट.

भोपाळवाली
मी सहसा वाचून जाते, लिहीत नाही. 'सिल्कवुड'बद्दल अजून कुणी बोललं नाही म्हणून लिहिते.

माझं माहेर जुन्या भोपाळचं, सासर इंदूर. डिसेंबर १९८४ ला मी लहान होते. आमच्याकडे त्या रात्रीबद्दल फार बोललं जात नाही. आई एवढंच सांगते की ओलं फडकं डोळ्यांवर धरून सगळे चढाच्या रस्त्याने पळत होते आणि कुठे पळायचं ते कुणालाच माहीत नव्हतं.

'सिल्कवुड' त्याच्या एक वर्ष आधी आलेला सिनेमा. ओक्लाहोमातल्या प्लुटोनियमच्या कारखान्यात काम करणारी केरन सिल्कवुड ही खरी बाई. सुरक्षेत ढिलाई चालते याचे पुरावे घेऊन ती न्यूयॉर्क टाइम्सच्या बातमीदाराला भेटायला निघाली आणि १३ नोव्हेंबर १९७४ च्या रात्री गाडीच्या अपघातात गेली. केरन झालीय मेरिल स्ट्रीप. तिच्या घरात राहणारी, त्याच कारखान्यात काम करणारी मैत्रीण डॉली म्हणजे शेर.

मला त्यात कारखान्यातून बाहेर पडतानाचा भाग बघवत नाही. यंत्रासमोर हात धरायचे, घंटा वाजली की कपडे उतरवून ब्रशने अंग घासून काढतात, कातडी लाल होईपर्यंत. आणि पुढे घरातच किरणोत्सार सापडतो तेव्हा पांढरे सूट घातलेली माणसं येऊन भांडी, कपडे, भिंतीचा कागद, सगळं काढून नेतात. शेर तिथे फार काही करत नाही. ढगळ पॅन्ट, तोंडाला काही लावलेलं नाही, केस कसेही. डॉलीचं केरनवर एकतर्फी प्रेम आहे, ते ती कधी मोठ्याने सांगत बसत नाही, नुसती बघते. आमच्या मोहल्ल्यात अशा बायका होत्या. कारखान्यात नवरा, घरात खोकला, आणि बोलायचं कुणाशी? असं बघणं मी ओळखते.

ती मोठी की लहान ते मला ठरवता येत नाही. पण मध्य प्रदेशात बसून तिचा सिनेमा बघायचा तर हा बघावा.

मंद्रसप्तक
भोपाळवाली ताई, लिहीत जा हो.

नाट्यवेडा_६८
ताईंच्या लिहिण्यानंतर थोडा वेळ थांबलो होतो. 'सिल्कवुड'ची एक गोष्ट शेरनेच नंतर सांगितली आहे. ती बहिणीबरोबर थिएटरात गेली होती आणि तिथे या सिनेमाची जाहिरात लागली. मेरिल स्ट्रीपचं नाव आलं, लोक गंभीर. कर्ट रसेलचं आलं, गंभीर. मग 'आणि शेर' असं आलं आणि सगळं थिएटर हसलं. ती तिथेच बसलेली.

सदतिसाव्या वर्षी, एवढी गाणी गाजल्यावर, नुसतं नाव वाचून लोक हसतात. त्यानंतर सिनेमा लागला आणि नामांकन मिळालं. उलटतपासणी यांचा 'दारं उघडली' हा मुद्दा मला म्हणूनच पूर्ण मान्य नाही. प्रसिद्धीने दार उघडतं आणि आत गेल्यावर तीच प्रसिद्धी हसवते.

उलटतपासणी
हा किस्सा चांगला आहे. मान्य. तरीही ऑल्टमनचा मुद्दा उभाच राहतो.

टेपरेकॉर्डर
मला वाटतं आपण सगळे गाडी उलटी जुंपतोय. ती 'रॉक गायिका होती, मग अभिनेत्री झाली' हेच बरोबर नाही. सोळाव्या वर्षी शाळा सोडून ती लॉस एंजेलिसला गेली ती अभिनयाच्या वर्गासाठी. जेफ कोरी म्हणून शिक्षक होते, त्यांच्याकडे. वाचताना अक्षरं उलटीसुलटी दिसायची, डिस्लेक्सिया, त्यामुळे शाळा जमलीच नव्हती. तिची आईसुद्धा नटी व्हायला धडपडत होती. १९६२ ला सनी भेटला, तो फिल स्पेक्टर या गाण्यांच्या निर्मात्याकडे कामाला होता, त्याच्यामुळे ही रेकॉर्डिंगमध्ये मागे उभी राहून गायला लागली. रॉनेट्स या मुलींच्या गटाच्या 'बी माय बेबी'त मागच्या आवाजांत ती आहे. म्हणजे गाणं हाच वाटेतला फाटा. १८ वर्षं तिकडे गेली आणि मग मूळ रस्त्याला लागली.

आणि मधल्या टीव्हीच्या काळात ती दर आठवड्याला सोंगं करत होती. चित्त्याच्या ठिपक्यांचे घट्ट कपडे घातलेली, च्युइंगम चघळणारी लॅव्हर्न नावाची बडबडी बाई तिने तिथे केली. आठवड्याला नवीन संहिता, समोर प्रेक्षक, चुकलं की तिथेच सावरायचं. 'मूनस्ट्रक'चं टायमिंग तिथून आलंय. मंद्रसप्तक ताई म्हणतात त्या गळ्यातूनही आलं असेल, पण जास्त तिथून.

मंद्रसप्तक
दोन्हीकडून आलं म्हणा की. सोळाव्या वर्षीची माहिती मात्र छान काढलीत.

रामबागकर
टेपरेकॉर्डर, हे मला माझ्या प्रस्तावनेत हवंय, उचलतोय. माझं मत तेच आहे, पण सुरुवात इथून करणार.

पोहे_जलेबी
टेपरेकॉर्डर भाऊ, तुमचा स्टुडिओ आहे ना? ते कापऱ्या यंत्रासारख्या आवाजाचं गाणं हिचंच ना? १९९९ ला केबलवर दिवसभर चालायचं. आमच्या लग्नाच्या वरातीत बँडवाल्याने वाजवलं होतं, रीगल चौकात.

टेपरेकॉर्डर
हिचंच. 'बिलीव्ह', ऑक्टोबर १९९८. शेर ५२ वर्षांची. इंग्लंडात सात आठवडे पहिलं, पुढच्या वर्षी अमेरिकेत चार आठवडे.

तो आवाज ऑटो-ट्यून नावाच्या सॉफ्टवेअरचा. ते बनवणारा अँडी हिल्डेब्रँड आधी तेलाच्या शोधासाठी जमिनीखालून परतणाऱ्या लहरींचं गणित करायचा. तेच गणित त्याने गळ्याला लावलं. बेसूर स्वर जवळच्या बरोबर स्वरावर आणून ठेवायचा, हे त्याचं काम. किती वेगाने आणायचा त्याचं एक बटण असतं. हळू आणलं तर कुणाला कळत नाही. लंडनच्या निर्मात्यांनी ते शून्यावर नेऊन ठेवलं, म्हणजे स्वर सरकतच नाही, पायरीवरून पायरीवर उडी मारतो. आधी त्यांनी हे रहस्य दडवायला व्होकोडर, म्हणजे आवाज यंत्रासारखा करणारं दुसरंच उपकरण, वापरला म्हणून सांगितलं होतं.

आता माझं दुःख. माझ्याकडे गणपतीच्या आधी भजनांची रेकॉर्डिंगं असतात. परवा एक गृहस्थ आले, आवाज चांगला, सूर पक्का. गाऊन झाल्यावर म्हणाले, "थोडं ते यंत्र लावा ना, मॉडर्न वाटेल." सुखकर्ता दुखहर्ता, बटण शून्यावर. लावून दिलं. त्यांना आवडलं. मी हेडफोन काढून बाहेर जाऊन चहा प्यायलो.

मंद्रसप्तक
🙏 कृपया त्यांना माझा पत्ता देऊ नका.

नाट्यवेडा_६८
विषयांतर होतंय पण एक सांगून टाकतो. आपल्या उपखंडाशी तिचा एक संबंध आहे. इस्लामाबादच्या प्राणिसंग्रहालयात कावन नावाचा हत्ती होता, श्रीलंकेने १९८५ ला भेट दिलेला. जोडीदारीण मेल्यावर एकटाच साखळीत. शेर त्याच्यासाठी कित्येक वर्षं पाठपुरावा करत राहिली आणि नोव्हेंबर २०२० मध्ये त्याला विमानाने कंबोडियाला नेलं. ती स्वतः दोन्हीकडे हजर होती.

खंडवा_कनेक्शन
हत्तीवरून किशोरदांचा एक...

पोहे_जलेबी
नको भिया.

हिशोबनीस
तिच्या कारकिर्दीतला उताराचा काळही सांगायला हवा, नाहीतर पोवाडा होईल. ऑस्करनंतर रांगेने मोठ्या भूमिका यायला हव्या होत्या. १९९० ला 'मर्मेड्स' केला, मग दीर्घ थकव्याच्या आजाराने तिला गाठलं. काम होईना, तेव्हा टीव्हीवर केसांच्या आणि त्वचेच्या उत्पादनांच्या अर्ध्या-अर्ध्या तासाच्या जाहिराती केल्या. पैसे मिळाले, पत गेली. विनोदी कार्यक्रमांत तिची यथेच्छ टर उडवली गेली. ऑस्कर मिळालेली बाई शांपू विकते म्हणून. मला तरी त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. आजारी माणसाने घरबसल्या होईल ते काम केलं.

उलटतपासणी
यावर मी हिशोबनीसांच्या बाजूने आहे. लिहून ठेवा, परत होणार नाही.

सराफा_रात्री
आणि २०१८ च्या 'मामा मिया'च्या दुसऱ्या भागात तिला मेरिल स्ट्रीपची आई केलंय! दोघींच्या वयात तीन वर्षांचं अंतर. 'सिल्कवुड'मधल्या मैत्रिणी पस्तीस वर्षांनी मायलेकी. बायकांना वय विचारू नये म्हणतात, सिनेमावाले तर सरळ ठरवूनच टाकतात.

अवंतिका_एक्सप्रेस
बरं, काकांचा दुसरा प्रश्न तसाच राहिला. कुठला सिनेमा? मी गाडीत बसून तिन्ही बघितलेत, म्हणून सांगतो.

'मास्क' लावू नका. सिनेमा चांगला आहे. हाडांच्या दुर्मिळ आजाराने चेहरा विद्रूप झालेला मुलगा आणि त्याची मोटारसायकलवाल्यांच्या टोळीत वावरणारी, नशा करणारी, पण मुलासाठी शाळेच्या मुख्याध्यापकाशी भिडणारी आई. खऱ्या मायलेकांची गोष्ट. पण मुलगा जातो. रविवारी संध्याकाळी नातवंडं असलेल्या लोकांना हे दाखवून घरी पाठवायचं नसतं.

'सिल्कवुड' १३१ मिनिटं, आणि सावकाश जातो. डुलक्यांचा विचार करा.

'मूनस्ट्रक' १०२ मिनिटं. ब्रुकलिनचं इटालियन कुटुंब, एका घरात तीन पिढ्या, आजोबा पाच कुत्री घेऊन फिरणारे, बाप नळांची कामं करणारा आणि बाहेर लफडं असलेला, आई सगळं ओळखून स्वयंपाकघरात. शेर त्यांची विधवा मुलगी, सदतीस वर्षांची, दुसऱ्यांच्या हिशोबाच्या वह्या लिहिते. इंदूरच्या कुठल्याही वाड्यात हे घर बसतं.

पोहे_जलेबी
कथा काय आहे पण? आमच्या आईला विचारून सांगतो तिला चालेल का.

अवंतिका_एक्सप्रेस
ती एका सज्जन माणसाशी लग्न ठरवते. तो म्हणतो, माझा धाकटा भाऊ रागावलाय, त्याला लग्नाला बोलावून ये, आणि आजारी आईकडे सिसिलीला निघून जातो. ती बोलवायला जाते. भाऊ बेकरीत, एक हात लाकडाचा, डोकं गरम. मग व्हायचं ते होतं.

पोहे_जलेबी
होणाऱ्या दिराबरोबर?! काका, तुमच्या मंडळातल्या काकू उठून जातील.

सराफा_रात्री
एकही उठणार नाही. पाणी प्यायलासुद्धा उठणार नाहीत.

भोपाळवाली
पोहे_जलेबी यांचं बरोबर आहे आणि सराफा ताईंचंही. 'मूनस्ट्रक'च लावा. माझ्या सासूबाईंना दाखवला होता. त्यांना इंग्रजी येत नाही, मी मधे मधे सांगत होते. पांढरे झालेले केस रंगवून, भुवया कोरून, नवे लाल बूट घेऊन ती ऑपेराला जाते तिथे सासूबाई म्हणाल्या, "आता बोलू नकोस, कळतंय मला." शेवटी सगळं कुटुंब टेबलाभोवती बसून मोठा भाऊ काय म्हणतो त्याची वाट बघतं, तिथे त्या एवढ्या हसल्या की सासरे आतून बघायला आले.

नाट्यवेडा_६८
या सिनेमाला १९८८ च्या सोहळ्यात तीन ऑस्कर होती: शेर, तिची आई झालेली ऑलिंपिया डुकाकिस आणि पटकथा लिहिणारा जॉन पॅट्रिक शॅनली. शॅनली मुळात नाटकवाला, संवाद तसेच आहेत, माणसं समोरासमोर उभी राहून बोलतात. आणि निकोलस केजला घेऊ नये असं स्टुडिओचं म्हणणं होतं, शेर त्याच्यासाठी अडून बसली. प्रस्तावनेत हे सांगा. सहकलाकारासाठी भांडणारी नटी आपल्याकडच्या नाटक कंपन्यांतही दुर्मिळच होती.

उलटतपासणी
प्रसिद्धीमुळे अडून बसता आलं.

नाट्यवेडा_६८
आता तुम्हीच पोहे खायला या, समोरासमोर बोलू.

रामबागकर
ठरलं, 'मूनस्ट्रक'. भोपाळवाली ताई, 'सिल्कवुड' मला सोडवत नाहीये. तो डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात लावू, आणि प्रस्तावना तुम्ही करा. नाही म्हणायचं असेल तर सरळ नाही म्हणा, आग्रह नाही.

सहा ओळींची प्रस्तावना लिहायला बसलो होतो, दोन पानं झाली. ९५ टक्क्यांचा करार, थिएटरातलं हसू आणि सोळाव्या वर्षीचे अभिनयाचे वर्ग ठेवतोय. ऑटो-ट्यून गाळतोय, नाहीतर आरतीचा किस्सा सांगायचा मोह आवरणार नाही.

उलटतपासणी, आमंत्रण माझ्याकडूनही. खुर्ची ठेवतो.

भोपाळवाली
डिसेंबरचं चालेल. मी करते. फार बोलणार नाही, पाच-सात मिनिटं.

उलटतपासणी
येईन. पण 'ती अभिनेत्री म्हणून जास्त मोठी' हे माझ्याकडून वदवून घेता येणार नाही. 'दोन्हीकडे बरी' इथपर्यंत आलोय.

टेपरेकॉर्डर
काका, प्रोजेक्टरच्या डबड्यातल्या स्पीकरवर पुच्चिनी वाजवू नका, हात जोडतो. पुच्चिनीचा 'ला बोएम' हा ऑपेरा बघायला ते दोघं जातात तो भाग त्या आवाजावर वाया जाईल. माझे दोन स्पीकर रविवारी चार वाजता आणून लावून देतो. एक्सटेंशन बोर्ड तुमचा, आणि तीन पिनचा बघा, गेल्या वेळी एका कार्यक्रमात दोन पिनच्या बोर्डाने माझा अर्धा तास खाल्ला होता.